भुईसपाट झालेला पक्ष गावातून पुन्हा बांधायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लागोपाठ दोन निवडणुकांत पक्ष राज्यात भुईसपाट झाला, मोठी नावं सोडून गेली, प्रदेश कार्यालयातून ‘बूथ बांधा’ असं पत्र आलं आणि एका जिल्ह्याची जबाबदारी तुमच्यावर पडली. आता सुरुवात कुठून करायची, माणसं आणि पैसा कुठून आणायचा, आणि याला किती काळ लागेल?

मी आजवर संघटनेचंच काम केलं आहे, वेगवेगळ्या जिल्ह्यांत, पक्ष सत्तेत असताना आणि नसतानाही. त्यावरून बोलतो.

गावात जाण्याआधी प्रदेशाध्यक्षांकडून एक गोष्ट पक्की करून घ्या. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची तिकिटं कोण ठरवणार? ‘जिल्ह्याने शिफारस करायची, निर्णय वर होईल’ असं उत्तर आलं, तर तुमचं बूथबांधणीचं काम पहिल्या निवडणुकीपर्यंतच टिकेल. दोन वर्षं राबलेल्या पोरांसमोर अर्ज भरायच्या आदल्या रात्री दुसऱ्या पक्षातून आलेल्याला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दिला जातो, आणि त्या एका रात्रीत आख्खा गट (जिल्हा परिषदेचा मतदारसंघ) रिकामा होतो. कार्यकर्त्याला प्रत्येक वेळी तिकीट हवं असतं असं मुळीच नाही. आपल्याला विचारलं गेलं, आपला शब्द वर पोचला, एवढं त्याला हवं असतं. गटातल्या बूथप्रमुखांचं मत घेतल्याशिवाय त्या गटाचा उमेदवार ठरणार नाही, आणि वरून बदल झालाच तर कारण त्यांच्यासमोर येऊन सांगितलं जाईल, एवढं तरी लेखी घ्या. हे मिळालं नाही तर जबाबदारी नम्रपणे परत करा. खोटं आश्वासन घेऊन गावोगाव फिरण्यात तुमची आयुष्यभराची पत जाते.

पक्ष इतका पोकळ का झाला, हेही नीट समजून घ्यायला हवं, कारण लोक सगळा दोष पक्षफुटीला देतात. फुटीने वरचा मजला गेला. खालचा त्याआधीच खचत होता. महाराष्ट्रात अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर 2022 पासून प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिल्यावर गाडी हलली. मधल्या काळात काय झालं? जिल्हा परिषद सदस्य हा आमदार आणि गाव यांच्यातला दुवा असतो. त्याच्याकडे शाळेच्या खोलीची, रस्त्याच्या डांबराची, पाणी योजनेची तक्रार येते. तोच नाहीसा झाल्यावर गावातला माणूस थेट आमदाराच्या बंगल्यावर जाऊ लागला. ज्या पक्षाकडे आमदार नव्हता, त्याच्याकडे जायला कुणालाच कारण उरलं नाही. दुसऱ्या फळीची एक पूर्ण पिढी पद, अनुभव आणि ओळख यांच्याविना मोठी झाली. तुम्हाला उभी करायची आहे ती ही मधली फळी.

आता बूथ. राज्यात 288 विधानसभा मतदारसंघ आणि लाखाच्या आसपास मतदान केंद्रं आहेत. एका केंद्रावर बाराशेपेक्षा जास्त मतदार नसावेत, असं निवडणूक आयोगाने 2025 मध्ये ठरवलं. म्हणजे एका बूथवर तीन-चारशे घरं. एवढी घरं एका माणसाला नावानिशी माहीत असू शकतात, आणि म्हणूनच बूथ हे संघटनेचं खरं एकक आहे. तुमच्या कार्यालयात जुन्या बूथ कमिट्यांच्या फायली असतील. त्यातल्या नंबरांवर फोन लावून बघा. काही नंबर बंद असतील, काही जण दुसऱ्या पक्षात गेलेले असतील, आणि काहींना आपलं नाव त्या यादीत आहे हे पहिल्यांदाच कळेल. ती फाईल बाजूला ठेवा आणि मतदार यादी हातात घ्या.

यादीवाचन हा मला आजवर सापडलेला सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. संध्याकाळी दूध घालून लोक मोकळे झाले की समाजमंदिरात किंवा कुणाच्या ओसरीवर आठ-दहा जण बसवायचे. भाषण नाही, हार-तुरे नाहीत. एकाने नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पेन्सिलने खूण करायची. ‘मयत.’ ‘ही लग्न होऊन फलटणला गेली.’ ‘हा चाकणला कंपनीत आहे, यात्रेला येतो.’ ‘हे एकच नाव दोनदा आलंय, एकदा वडिलांचं नाव चुकलंय.’ ‘ह्यांच्या नातवाला अठरा पूर्ण झाली, त्याचं नाव कुठंय?’ एका पानावर साधारण तीस नावं असतात. दोन-तीन पानं होईपर्यंत बसलेल्यांपैकी गाव खरोखर कुणाला माहीत आहे, हे स्पष्ट होतं. बहुतेक वेळा तो पदाधिकारी नसतो. दूध डेअरीवर फॅट लावणारा मुलगा असतो, पिठाची गिरणी चालवणारा असतो, बचत गटाची सचिव असते. तुमचा बूथप्रमुख तिथे बसलेला असतो, फक्त त्याला तसं कुणी म्हटलेलं नसतं.

या बैठकीतून लगेच करण्याजोगं काम निघतं. नवीन नावासाठी नमुना 6, दुरुस्ती आणि पत्ताबदलासाठी नमुना 8, मयत किंवा दुबार नावासाठी नमुना 7. अठरा वर्षं पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून एकदा धरत नाहीत. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, त्यामुळे हे काम बारमाही चालतं. मान्यताप्राप्त पक्षाला प्रत्येक यादी भागासाठी स्वतःचा बीएलए, म्हणजे बूथ पातळीवरचा प्रतिनिधी, नेमता येतो. तो नेमा, त्याची बीएलओशी, म्हणजे त्या भागाची यादी सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याशी, ओळख करून द्या. नमुना 7 बाबत मात्र पोरांना आधीच बजावून ठेवा: विरोधकांच्या जिवंत मतदारांची नावं उडवायला हा फॉर्म वापरायचा नाही. खोट्या माहितीला लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 31 खाली शिक्षा आहे. शिवाय गावात अशी गोष्ट लपत नाही, आणि ज्याचं नाव उडवलं त्याच्या भावकीची चूल कायमची तुमच्यापासून तुटते.

ग्रामपंचायतीचं राजकारण बाहेरून आलेल्या निरीक्षकाला हमखास चुकवतं. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही. गावात पॅनेल असतात, आणि पॅनेलमागे भावकी, बांधाचं भांडण, सोसायटीचं (शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचं) कर्ज, देवस्थानचा हिशेब असं बरंच काही असतं. तुम्ही गावात पाऊल टाकता तेव्हा एका पॅनेलचे लोक पहिल्यांदा भेटायला येतात. त्यांचा उत्साह बघून त्यांनाच सगळी पदं दिली की दुसरं निम्मं गाव त्याच दिवशी तुमच्या विरोधात गेलेलं असतं, पक्षाचा विचार पटला की नाही याचा प्रश्नच येत नाही. म्हणून बूथ कमिटीत दोन्ही पॅनेलची माणसं घ्या आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्ष म्हणून उतरू नका. जिल्हा परिषदेला मात्र दोघांनीही चिन्हाचं काम करायचं, हे सुरुवातीलाच बोलून घ्या. सगळीकडे जमत नाही. जिथे जमतं तिथे गट मजबूत होतो.

वस्त्यांचंही तसंच. गावठाणातल्या चार घरांतून सगळी कमिटी भरली जाते आणि बौद्धवाडी, धनगरवाडा, मोहल्ला, पाडा यांच्यासाठी एकेक ‘उपाध्यक्ष’ ठेवला जातो, ज्याला बैठकीचा निरोपसुद्धा मिळत नाही. लोकांना हे दिसतं. त्या वस्तीतला माणूस तिथल्याच लोकांना विचारून निवडा आणि बैठक कधीमधी त्या वस्तीत घ्या.

बायकांबद्दल वेगळं लिहितो, कारण इथे ताकद आहे आणि बहुतेक पक्ष ती वाया घालवतात. राज्यात स्थानिक संस्थांमध्ये 2011 पासून महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत. म्हणजे जवळपास निम्मे उमेदवार तुम्हाला बायकांमधून उभे करायचेच आहेत. तरीही आरक्षण जाहीर झाल्यावर ऐनवेळी कुणाची तरी पत्नी, सून शोधली जाते आणि निवडून आल्यावर कारभार नवरा बघतो. तीन वर्षं आधीपासून ग्रामसभेत बोलणाऱ्या, बँकेत गटाचं कर्ज भरायला जाणाऱ्या, रेशन दुकानदाराशी हुज्जत घालणाऱ्या बायका हेरून ठेवा. त्यांची बैठक रात्री आठला ठेवू नका. दुपारी जेवणं उरकल्यावर, शेतातली घाई नसेल त्या दिवसात ठेवा. तालुक्याला बोलावलं तर येण्या-जाण्याची गाडी बघा. इतकी साधी व्यवस्था नसल्याने कितीतरी चांगल्या कार्यकर्त्या राजकारणातून बाहेर राहिल्या आहेत.

निवडणूक नसताना करायचं काय? कमिटी झाली, फोटो झाला, मग दोन वर्षं काहीच नाही, इथे बहुतेक बांधणी मरते. मुंबईत शिवसेनेच्या शाखा वाढल्या त्या संध्याकाळी उघड्या असायच्या म्हणून. नळाला पाणी नाही, रुग्णालयात खाट मिळत नाही, शाळेत प्रवेश अडला, की लोक तिथे जात. सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, तेही शेतकरी कामगार पक्ष राज्यात बहुतेक ठिकाणी आक्रसत असताना. तालुक्यातल्या माणसाला ते भेटत आणि पाण्याचा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. विचारसरणी वेगळी, प्रदेश वेगळा, पण दोन्हीकडे लोकांना एक ठरलेली जागा आणि ठरलेला माणूस माहीत होता.

तुमच्या जिल्ह्यात ही कामं ठरलेली आहेत: संजय गांधी निराधारचे अर्ज, पीकविम्याची तक्रार, अडलेला फेरफार, रेशन कार्डातलं नाव, रोजगार हमीची मजुरी. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी टेबल लावा. वार आणि वेळ कधीच बदलू नका. एक वही ठेवा: नाव, गाव, काम, कुठे अर्ज दिला, पुढची तारीख. काम झालं नाही तर नाही झालं म्हणून त्या माणसाला सांगा. लोक ‘नाही’ ऐकून घेतात, टोलवाटोलवी विसरत नाहीत.

यात एक मोठा धोका आहे. अशी कामं करता करता कार्यकर्ता एजंट होतो. तहसीलमध्ये ओळख झाली की फॉर्ममागे पाचशे-हजार घेतले जातात आणि गरीब माणसाच्या नजरेत पक्ष आणि दलाल यांत फरक राहत नाही. म्हणून टेबलावर ‘इथे कोणत्याही कामाचे पैसे घेतले जात नाहीत’ असा फलक लावा आणि खाली जिल्हाध्यक्षाचा नंबर द्या. कुणी पैसे घेतल्याचं निष्पन्न झालं तर त्याला त्याच आठवड्यात काढा, तो कितीही कामाचा असला तरी. दुसरं, एकाच प्रकारच्या तीस तक्रारी आल्या तर तीस फॉर्म भरून थांबू नका. त्या तीस जणांना घेऊन तहसीलदारांकडे निवेदन द्या, पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या, गरज पडली तर धरणं धरा. एकेकट्याची कामं करून देणारा पक्ष उपकारकर्ता होतो. लोकांना एकत्र आणून प्रश्न सोडवणाऱ्या पक्षाकडे माणसं आपला पक्ष म्हणून बघतात.

सोसायटीकडेही लक्ष द्या. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून या राज्यात विकास सोसायटी, बाजार समिती, दूध संघ, जिल्हा बँक यांच्या भोवती पक्ष उभे राहिले. आज अनेक संस्था डबघाईला आल्या आहेत, तरी सोसायटीची निवडणूक हे अजूनही गावातल्या राजकारणाचं पहिलं मैदान आहे. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन सोसायट्या तरी नीट लढवा.

हे सगळं महाराष्ट्राला नवीन नाही. डिसेंबर 1920 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने आपली घटना बदलली. भाषेनुसार प्रांतिक समित्या, खाली जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड, आणि चार आणे वर्गणी भरणारा कुणीही सभासद. पुढच्याच वर्षी बेझवाड्याला (आजचं विजयवाडा) एक कोटी सभासद आणि टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये असं लक्ष्य ठरलं आणि फंडाचं लक्ष्य गाठलंही गेलं. वर्षातून एकदा जमून ठराव करणारी वकील-डॉक्टरांची सभा खेड्यापर्यंत पोचली ती या रचनेमुळे. चार आणे देणारा माणूस त्या देण्यामुळे संघटनेत बोलायचा अधिकार कमावत होता. मिस्ड कॉल देऊन सभासद करून घेण्यात नेमकं हेच हरवलं. तो आकडा पत्रकार परिषदेला चालतो, बैठकीला त्यातलं कुणी येत नाही.

पैशाचं सांगायचं तर जिल्ह्याचं रोजचं काम मोठ्या देणगीदाराशिवाय चालू शकतं. बूथ कमिटीतल्या प्रत्येकाने महिन्याला वीस-पन्नास रुपये द्यायचे, पावती घ्यायची, आणि तालुक्याच्या मासिक बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचायचा. दोन हजारांच्या वरची देणगी रोखीने घेऊ नका, पक्षाच्या प्राप्तिकर सवलतीवर परिणाम होतो. कार्यालयाचं भाडं, छपाई, चहा आणि एका पूर्णवेळ कार्यकर्त्याचं मानधन एवढं यातून निघालं तरी पुरे. तो पूर्णवेळ कार्यकर्ता मात्र हवाच. घरची आबाळ करून राबणाऱ्यांच्या जिवावर संघटना फार काळ चालत नाही, आणि तसं चालवणं बरोबरही नाही.

सोशल मीडियाला थोडक्यात: व्हॉट्सॲप ग्रुप निरोपासाठी ठेवा. रोज शंभर पोस्ट फिरवणारा आणि पाच घरं फिरणारा यांत पद देताना गल्लत करू नका.

सोडून गेलेले परत येतील. पक्षाचे दिवस फिरतायत असं वाटलं की नक्की येतील, आणि त्यांना घ्यावंही लागेल, कारण निवडणूक जिंकायची असते. फक्त नियम आधी करा: परत येणाऱ्याने ठरावीक काळ आपल्या बूथवर काम करायचं, त्या काळात पद नाही, आणि प्रवेश तालुका कमिटीच्या संमतीने. आलेल्याचं स्वागत स्टेजवर आणि टिकून राहिलेला मात्र सतरंज्या उचलतोय, हे दृश्य लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

मतदानाच्या दिवशी बांधणीचा कस लागतो. सकाळी प्रत्यक्ष मतदानाआधी किमान पन्नास मतांचं अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, होतं, तेव्हा तुमचा पोलिंग एजंट आत हवा. मतदान संपल्यावर किती मतं नोंदली गेली याचा नमुना 17सी असतो, त्याची साक्षांकित प्रत एजंटला मिळायला हवी. ती घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. मतमोजणीला मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचा आकडा याच कागदाशी ताडून बघायचा असतो. यंत्रावर संशय घेणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. आपल्या सगळ्या बूथच्या 17सी प्रती एका फाईलमध्ये लावून ठेवलेला तालुका फार क्वचित भेटतो.

किती काळ लागेल? पहिलं वर्ष माणसं शोधण्यात आणि यादीत जातं. दुसऱ्या वर्षी टेबल, ग्रामसभा, सोसायट्या. एखाद्या स्थानिक निवडणुकीत थोडी चुणूक दिसते, जागा कमी आल्या तरी कोणते बूथ धरून राहिले ते कळतं. विधानसभेला खरा परिणाम दिसायला दोन स्थानिक निवडणुकांचा काळ धरा. अमेरिकेत हॉवर्ड डीन 2005 ते 2009 डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. त्यांनी हरायची खात्री असलेल्या राज्यांतही पगारी संघटक नेमले. पक्षातल्या बड्या मंडळींनी त्यावर पैसा वाया जातोय म्हणून टीका केली. 2008 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पक्षाने इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलायना ही त्या निवडणुकीत अनेक वर्षं न जिंकलेली राज्यं जिंकली. डीन गेल्यावर तो कार्यक्रम गुंडाळला गेला आणि 2010 मध्ये राज्यांच्या विधिमंडळांत पक्षाची मोठी पडझड झाली. पडझडीची कारणं इतरही होती, पण जिंकल्याबरोबर खालचा खर्च बंद करायची घाई इकडेही सगळ्या पक्षांत मी पाहिली आहे. म्हणून प्रदेशाकडून घ्यायच्या लेखी पत्रात आणखी एक ओळ घाला: पूर्णवेळ कार्यकर्त्यांचं मानधन निवडणुकीनंतरही चालू राहील.

आणि दर महिन्याला प्रदेशातून फोन येईल, ‘किती बूथ झाले?’ शेजारचा जिल्हा शंभर टक्के सांगत असेल. तुम्ही मात्र बूथ तेव्हाच धरा, जेव्हा तिथली यादी वाचून झाली आहे, बीएलए नेमलेला आहे आणि मागच्या महिन्यात कमिटीतले निम्मे लोक तरी एकत्र बसले आहेत. या मापाने पहिल्या सहा महिन्यांत तुमचा आकडा फार लहान असेल. तोच सांगा, आणि सोबत त्या बूथप्रमुखांची नावं आणि नंबर पाठवा, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला थेट फोन लावता येईल.